लाल पुलावरची माणसं

रविवारी अकराला पाच कमी असताना चष्मेवाल्यांनी बाहेरच्या खोलीचा पडदा ओढला, डबा सोफ्याच्या हातावर ठेवला, पाण्याची बाटली पायाशी उभी केली, खांद्यावर शाल घेतली आणि टीव्हीसमोर सावरून बसले.

"डबा कशाला भरून घेतलात?" बायकोने आतून विचारलं. "स्वयंपाकघर आठ पावलांवर आहे."

"चालत्या गाडीत उठायचं नसतं."

"आणि शाल?"

"शेवटी शेवटी बर्फ आहे म्हणतात."

बायको दारात आली, तिने नवऱ्याकडे एकदा डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि मटार सोलायला परत गेली. बावीस वर्षांच्या संसारात कुठे बोलायचं आणि कुठे हात टेकायचे हे तिला पक्कं ठाऊक झालं होतं.

चष्मेवाल्यांचं चष्म्यांचं दुकान होतं आणि त्यांना आयुष्यात एकच नाद होता. इंजिनाच्या पुढच्या काचेला कॅमेरा लावून काढलेले रेल्वेप्रवासाचे व्हिडिओ. त्यात गोष्ट नाही, गाणं नाही, एक माणूस बोलत नाही. समोर रूळ, दोन्ही बाजूंना जे काय येईल ते, आणि गाडी आपली चालली आहे. तीन तास, पाच तास, कधी कधी नऊ तास. नवखा माणूस दहा मिनिटांत विचारतो, "पुढे काय होतं?" पुढे काही होत नाही. पुढे स्टेशन येतं.

अशा एका व्हिडिओखाली, सिग्नल पिवळा होता की हिरवा यावरून अनोळखी लोकांशी तावातावाने भांडताना त्यांना आपल्याच गावातली तीन समदुःखी माणसं सापडली, आणि चौघांचा एक ग्रुप झाला. नाव 'खिडकीची जागा'. ग्रुपच्या सर्वेसर्वा होत्या बाई. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल असा. दुसरे बेकरीवाले, जे पहाटे तीनला भट्टी पेटवत आणि दुपारी डोळे उघडे ठेवायला झगडत. तिसऱ्या सिस्टर, इस्पितळात परिचारिका, ज्यांची ड्यूटी कधी लागेल ते त्यांनाही माहीत नसे.

ग्रुप चौघांचा, पण नियम चारशेंचे असावेत तसे. दर दुसऱ्या रविवारी एक गाडी. ज्याने व्हिडिओ निवडला तो त्या दिवसाचा गार्ड. गार्डने "सुटली" असं लिहिलं की चौघांनी आपापल्या घरी एकाच वेळी बटण दाबायचं. मध्ये थांबवायचं नाही, पुढे ढकलायचं नाही, मागे घ्यायचं नाही. उठायचं ते गाडी स्टेशनात उभी असेल तेवढ्यात. आणि प्रत्येक स्टेशनावर हजेरी. मागच्या स्टेशनापासून काय पाहिलं ते एका ओळीत ग्रुपवर लिहायचं. बाई ते एका जाड वहीत शाईने उतरवून घेत. नियम मोडणाऱ्याच्या नावावर लाल रेघ. त्याला म्हणत 'उतरवणं'. परत चढायचं तर उरलेल्या प्रवाशांकडे लेखी अर्ज. मध्यंतरी ग्रुपमध्ये पाचवे म्हणून एक शिंपीही आले होते. त्यांनी एकदा सूर्यास्ताचं फार सुंदर वर्णन लिहिलं, पण सूर्य मावळायच्या बारा मिनिटं आधी. त्यानंतर शिंप्यांचं नाव कोणी काढत नसे.

बाहेरच्या माणसाला हे सगळं खुळ्यासारखं वाटेल. चष्मेवाल्यांना तसं वाटत नव्हतं. दिवसभर दुकानात ते लोकांना एकच विचारत, "आता दिसतंय? आणि आता? हे स्पष्ट की ते?" बावीस वर्षांत एकाही माणसाने त्यांना उलट विचारलं नव्हतं की बाबा रे, तुला काय दिसतं? इथे तिघं जणं विचारत होती. शिवाय एक जण ते शाईने लिहून ठेवत होतं. ती जागा गेली तर रविवारचं काय करायचं, हे त्यांना खरोखरच सुचलं नसतं.

आणि आजची गाडी त्यांची होती. अकरा महिने त्यांनी व्हिडिओ सुचवले होते आणि अकरा महिने बाईंनी ते नाकारले होते. एकात काच धुतलेली नव्हती, एकात फार बोगदे होते, एक मध्येच तोडून जोडलेला होता. शेवटी हा पास झाला. पाच तास चाळीस मिनिटं, सपाट मुलखातून निघून डोंगरातल्या बर्फापर्यंत. गार्डने स्वतः पहिल्या दहा मिनिटांपलीकडे पाहिलेलं चालत नसे, त्यामुळे पुढे काय आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. अकराच्या ठोक्याला त्यांनी लिहिलं, "सुटली."

पहिलं स्टेशन झकास झालं. पण पावणेएकला दाराची घंटा वाजली आणि बायकोचा धाकटा भाऊ आत आला. एका हातात चष्मा, दुसऱ्या हातात चष्म्याची काडी, आणि चिमटीत कागदाची पुडी.

"भाऊजी, दोन मिनिटांचं काम. काडीचा स्क्रू निघालाय. स्क्रू आणलाय मी, जपून."

"स्टेशन येऊ दे," चष्मेवाले टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले.

मेहुण्याने गोंधळून सगळीकडे पाहिलं. चष्म्याशिवाय त्याला बहीण आणि कपाट यांतला फरक कळायला वेळ लागत असे. "कुठलं स्टेशन, ताई?"

"तू उभा राहा. गाडी थांबली की बोलतात ते."

बाराच्या पुढे बावन्न मिनिटांनी गाडी थांबली. चष्मेवाल्यांनी आधी हजेरी लिहिली, "उजवीकडे तळं. सात बदकं. आठवं असावं, खात्री नाही." मग खिशातला इवलासा स्क्रूड्रायव्हर काढला, पुडी उघडली, स्क्रू भोकावर धरला, आणि नेमकी तेव्हाच गाडी सुटली. एरवी हे काम ते झोपेतसुद्धा करतील, पण एक डोळा सिग्नलवर आणि एक डोळा स्क्रूवर अशी सवय त्यांना नव्हती. मुंगीएवढा स्क्रू टुणकन उडाला आणि दिसेनासा झाला.

"तू हलू नकोस!" ते मेहुण्यावर ओरडले. "पाय पडेल. आहेस तिथेच बस!"

मेहुणा होता तिथेच, म्हणजे सोफ्यावर, धपकन बसला. चष्मेवाले बॅटरी घेऊन जमिनीवर पालथे झाले. उठणं आणि वाकणं यांत फरक आहे, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. सोफ्याखाली त्यांना एक बटण, एक पेनाचं टोपण आणि दोन वर्षांपूर्वी हरवलेली कात्री सापडली. स्क्रू सापडला नाही. तेवढ्यात टीव्हीतल्या गाडीचा आवाज बदलला. घडघड खोल झाली. त्यांनी मान वर केली आणि त्यांच्या अंगावर काटा आला. खाली कुठल्या कुठे पाणी, आणि गाडी एका प्रचंड पुलावरून चाललेली.

हजेरीची वाट कोण बघतो! त्यांनी जमिनीवरूनच लिहिलं, "पूल! केवढा पूल आहे हा!"

अर्धा मिनिट कोणीच काही लिहिलं नाही. मग बेकरीवाल्यांचं आलं, "हो ना! जबरदस्त!" पाठोपाठ सिस्टरचं, "मला तर खाली बघवेना." आणि शेवटी बाईंचं, "पूल नोंदवला. रंग?"

चष्मेवाल्यांची छाती फुगली. अकरा महिन्यांचं चीज झालं असं त्यांना वाटलं, आणि ते वाटणं साधारण वीस सेकंद टिकलं.

"अहो," बायको मटारांची परात घेऊन दारात उभी होती. "तुम्ही अकराला बसलात ना? मग खाली तीन तास एकतीस मिनिटं कसं दाखवतंय? आत्ता तर एक वाजतोय."

चष्मेवाल्यांनी टीव्हीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, मग रिमोट शोधला. रिमोट कुठेच नव्हता.

"ऊठ जरा," बायको भावाला म्हणाली. तो उठला. रिमोट त्याच्याखाली होता. दीड तासाचा प्रवास त्याने एका बैठकीत उरकला होता.

चष्मेवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पुढे ढकलणं! ज्या गुन्ह्यासाठी शिंपी गेले तोच गुन्हा, तोही बारा मिनिटांचा नाही, दीड तासाचा, आणि गार्डच्या हातून.

"त्यात काय एवढं?" बायकोने रिमोट हातात घेतला. "अकराला सुटली, आता एकला दोन मिनिटं कमी आहेत. म्हणजे एक तास अठ्ठावन्न मिनिटांवर लावायची. झालं." तिने लावली. पडद्यावर बटाट्याचं शेत आलं. समोर रूळ, दोन्हीकडे बटाटे.

"पूल कुठे आहे?" चष्मेवाल्यांनी घाबऱ्या आवाजात विचारलं.

"कुठे असायला हवा?"

"इथेच! तिघांनी आत्ताच पाहिला!"

बायकोने पाच मिनिटं मागे नेऊन पाहिलं. बटाटे. पाच मिनिटं पुढे नेऊन पाहिलं. बटाटेच, पण जरा हिरवे. तिने गाडी पुन्हा जागेवर आणून ठेवली. "मग विचारा की त्यांना, कुठे पाहिला म्हणून."

"विचारू कसं? मीच आधी पाहिला ना!"

इतक्यात फोन वाजला. बेकरीवाल्यांनी रंग कळवला होता, "लाल." चष्मेवाल्यांनी कपाळाला हात लावला. त्यांनी पाहिलेला पूल करडा होता. म्हणजे हा दुसराच पूल! म्हणजे इथेच कुठेतरी एक लाल पूल होता, तो तिघांनी पाहिला, आणि स्वतः गार्डला मात्र बटाटे दिसत होते.

"गर्द लाल," सिस्टरचा निरोप आला. "वर एक माणूस उभा होता. हात हलवत होता."

"दोन होते," बेकरीवाले म्हणाले. "एकाच्या हातात छत्री."

"छत्री उघडी की मिटलेली?" बाईंनी विचारलं.

चष्मेवाल्यांनी मुलीचा टॅब उचलला, नंबर काढायच्या पेटीतलं भिंग घेतलं आणि ते आतल्या खोलीत जाऊन पलंगावर बसले. टीव्ही आहे तसाच चालू राहिला. त्यांनी टॅबवर गाडी दुसऱ्या स्टेशनावर नेली आणि तिथून मिनिट मिनिट पुढे सरकवत लाल पूल शोधायला लागले. मागे घ्यायचं नाही, पुढे ढकलायचं नाही हे दोन्ही नियम त्यांनी पुढच्या अर्ध्या तासात इतक्या वेळा मोडले की शिंपी त्यांच्यापुढे संत ठरले असते. दुकानात कोणी "दिसतंय" म्हणालं तरी चष्मेवाले पहिल्या खेपेला विश्वास ठेवत नसत. आज त्यांनी स्वतःच्या धडधाकट डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही. तीन सज्जन माणसं लाल पूल म्हणतात म्हटल्यावर पूल आहे. भिंगच कमी पडतंय.

दरम्यान फोन वाजतच होता. बेकरीवाल्यांना गाई दिसल्या. सिस्टरना त्यांतली एक लंगडत असलेली दिसली. बाईंनी कोणता पाय ते विचारलं. बेकरीवाल्यांनी गाडीने लांबलचक शिट्टी दिल्याचं कळवलं. चष्मेवाल्यांनी आवाज वाढवून कान लावला. शिट्टी नव्हती, गाय नव्हती, पाय तर नव्हताच. बाहेरच्या खोलीतून मात्र मेहुण्याचा आवाज आला, "ताई, आता काहीतरी हिरवं गेलं."

"नर्सरी होती. रोपं होती ओळीत. पुढे सरकून बस."

मग बाईंनी लिहिलं, "एक चाळीस. तिसरं स्टेशन आलं असावं. हजेरी."

"अहो, स्टेशन आलं!" बायकोही बाहेरून ओरडली.

चष्मेवाल्यांना घाम फुटला. ते धड दुसऱ्या स्टेशनावर नव्हते, धड तिसऱ्या. पण गार्डची हजेरी चुकणं म्हणजे संपलंच. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी ठरवून थाप मारली. बरीच जपून मारली, कोणाला त्रास होणार नाही अशी. "डावीकडे एक पिवळं घर," त्यांनी लिहिलं.

क्षणभरात सिस्टरचा निरोप आला. "हो! किती गोड होतं! दारात कुत्रा बसला होता."

चष्मेवाले त्या ओळीकडे बघतच राहिले. मग बेकरीवाले म्हणाले, "कुत्रा गाडीमागे धावला थोडा." मग बाई, "पिवळं घर, कुत्रा. नोंदवलं. कुत्र्याचा रंग?"

आता पिवळं घर कुठून आलं हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो पलंगावर भिंग घेऊन बसला होता. त्यांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. घर नाही, तर कुत्रा नाही. कुत्रा नाही, तर गाईही नाहीत. गाई नाहीत, तर छत्रीवाला... पहिल्यांदा त्यांना हायसं वाटलं. दुसऱ्याच क्षणी आठवलं की बाई थापा मारणाऱ्यांतल्या नव्हेत. बाई हे सगळं मुद्दाम विचारतायत. पाय कोणता, छत्री उघडी की मिटलेली. बाई एकेकाला खड्ड्यात उतरवतायत आणि वर उभ्या राहून मोजतायत. फोन खणखणला. बाईंचाच होता. चष्मेवाल्यांची पाचावर धारण बसली.

"चष्मेवाले," बाई म्हणाल्या, "एकटे आहात?"

"हो, बाई."

"तुमच्याशी खाजगी बोलायचंय. आजची गाडी आपल्या ग्रुपच्या इतिहासातली सर्वोत्तम गाडी आहे."

चष्मेवाल्यांनी हातातलं भिंग पलंगावर ठेवलं.

"आणि मी ती पाहिलेली नाही," बाई एका दमात म्हणाल्या. "अकरा दहाला आमचं इंटरनेट गेलं ते अजून आलेलं नाही. टीव्ही काळा ठिक्कर. फोनवर तुमचे निरोप तेवढे येतायत. नियमाने मी तेव्हाच कळवायला हवं होतं. पण चार वर्षांत माझी एक हजेरी चुकलेली नाही हो! म्हटलं, प्रश्न विचारत राहावं. आणि काय सांगू तुम्हाला, डोळे मिटून वाचत होते मी."

"डोळे मिटून कसं वाचणार, बाई?"

"वाचून मग मिटत होते! तो लाल पूल, ती दोन माणसं, ती लंगडी गाय. इतक्या वर्षांत इतकं कोणी पाहिलं नव्हतं. तुम्ही गार्ड म्हणून कमाल केलीत. आता माझं एवढं गुपित ठेवा, म्हणजे झालं."

चष्मेवाल्यांपुढे सुटकेचं दार सताड उघडं होतं. हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण समोरच्या बाईने मन मोकळं केल्यावर तोंड दाबून बसायला ते काही निर्ढावलेले नव्हते. "बाई," ते पडेल आवाजात म्हणाले, "पिवळं घर नव्हतं."

"म्हणजे?"

"मी लिहिलं ते. मनाचं."

"आणि कुत्रा?"

"घरच नाही तर कुत्रा कुठे बसणार, बाई?" आणि मग त्यांनी स्क्रूपासून सगळं सांगितलं. मेहुणा, रिमोट, करडा पूल, बटाटे. पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज येत होता.

"माझी अडीच पानं भरलीत," बाई म्हणाल्या. "शाईने. म्हणजे बेकरीवाले..."

"झोपले असणार. माझ्या निरोपाने जागे झाले असतील."

"आणि सिस्टर..."

"ड्यूटीवर असतील."

"थांबा, थांबा. मी घरी नुसती बसलेय, तुम्ही पूल शोधताय, ते झोपलेत, ती वॉर्डात. म्हणजे चष्मेवाले, गाडी रिकामीच चाललीय?"

त्या क्षणी बाहेरून किंचाळी आली. "अगंबाई! केवढा बोगदा!"

"कोण आहे तिथे?" बाईंचा आवाज एकदम वर्गातला झाला.

चष्मेवाले फोन घेऊन बाहेर आले. सोफ्याच्या अगदी कडेला बायको बसली होती. मांडीवर परात, परातीत मटार अर्धे सोललेले, आणि हात शेंगेवरच थांबलेला. मेहुणा टीव्हीपासून वीतभर अंतरावर मांडी घालून बसला होता. "शू!" बायको नवऱ्याला म्हणाली. "आता बाहेर येईल."

"त्यांना फोन द्या," बाई म्हणाल्या.

बायकोने पडद्यावरून नजर न हलवता फोन कानाला लावला. बाईंनी विचारलं, "नदी कोणत्या बाजूला आहे?"

"आता उजवीकडे. मघाशी डावीकडे होती. बोगद्याच्या आधी एक पूल झाला ना, छोटा, दगडी, तिथे ओलांडली आपण."

"पुलाचा रंग?"

"दगडाचा जो असतो तो. काळपट."

"वर माणूस?"

"कशाला उभं राहील कोणी? बाजूला चालायला जागाच नव्हती."

चाळीस वर्षांच्या नोकरीत असा विद्यार्थी बाईंना दोनदाच भेटला होता, असं त्यांनी नंतर सांगितलं. मग त्यांनी मेहुण्यालाही फोन द्यायला लावला. "मला सगळं धुरकट दिसतंय," तो म्हणाला, "पण मजा येतीय." बाईंचं मत पडलं की माणूस प्रामाणिक आहे, पण नोंद घेता येत नाही. बायकोचं नाव मात्र त्यांनी तिथल्या तिथे वहीत घातलं. प्रवासी क्रमांक पाच.

"आणि तुमचं माझं आपल्यातच ठेवू या," बाई चष्मेवाल्यांना म्हणाल्या. "तुमची जागाही राहील, माझीही. आता फोन स्पीकरवर टाका आणि त्यांना सांगू द्या काय दिसतंय ते."

पुढचे अडीच तास फार सुखाचे गेले. बायको सांगत होती, बाई पलीकडे लिहून घेत होत्या, मध्येच हा कोणता खडक असावा ते समजावत होत्या. मेहुणा "आता पांढरं काहीतरी" म्हणाला तेव्हा बर्फ सुरू झाला होता. चष्मेवाल्यांनी शाल बायकोच्या खांद्यावर घातली. तिने ती न बघताच ओढून घेतली. त्यांना तिच्या शेजारी बसून छान वाटत होतं, फक्त हातातला फोन मधूनमधून थरथरत होता. ग्रुपवर बेकरीवाले आणि सिस्टर अजून नेटाने प्रवास करत होते. चौथ्या स्टेशनाआधी त्यांना केळीच्या बागा लागल्या.

बरोबर चार चाळीसला गाडी शेवटच्या स्टेशनात शिरली. फलाटावर गुडघाभर बर्फ होता. ग्रुपवर बेकरीवाल्यांनी लिहिलं, "डोळ्यांचं पारणं फिटलं." सिस्टरनी लिहिलं, "शेवटी तो समुद्र पाहिला आणि भरून आलं. चष्मेवाले, तुमची गाडी कायम लक्षात राहील."

बायकोने तो निरोप वाचला. बर्फाकडे पाहिलं. तिला हसू फुटलं, आणि मग ओसरलंही. "बिचारी," ती म्हणाली. "वॉर्डात उभी राहून तुमच्यासाठी समुद्र शोधतीय."

इतका वेळ चष्मेवाले त्या दोघांना थापाडे समजत होते. अकरा महिने वाट पाहिलेल्या माणसाची गाडी पडू नये म्हणून त्या दोघांनी पूल बांधला, गाई चारल्या, आता समुद्र आणला. बाईंचा निरोप आला, "समुद्र नोंदवला. शेवटची नोंद गार्डची." नियमाने ती त्यांची होती. 'बर्फ' लिहिलं तर सिस्टर उघड्या पडल्या असत्या. 'समुद्र' लिहिला तर बायको पाहत होती.

त्यांनी लिहिलं, "मी एक वाजल्यापासून गाडीत नव्हतो. मोठा पूल मी चुकून पुढे जाऊन पाहिला. पिवळं घर खोटं होतं. माफ करा."

मग बेकरीवाले म्हणाले, "मी पहिल्या स्टेशनानंतर झोपलो होतो. तुम्ही पूल म्हणालात आणि मला लाज वाटली." सिस्टर म्हणाल्या, "साडेअकरालाच बोलावणं आलं. टीव्ही घरी एकटाच चाललाय. माणूस मीच उभा केला पुलावर." सगळ्यांत शेवटी बाई म्हणाल्या, "माझ्याकडे टीव्हीच बंद होता." थापा जितक्या भराभर जमल्या होत्या, त्याहून भराभर उतरल्या. चौघांनाही इतकं हलकं वाटलं की बेकरीवाल्यांनी हसणाऱ्या चेहऱ्यांची एक अख्खी ओळ पाठवली.

पण बाई त्या बाईच. "नियम म्हणजे नियम," त्यांनी लिहिलं आणि वहीच्या पानाचा फोटो पाठवला. चार नावं, चार लाल रेघा. पहिली रेघ त्यांच्या स्वतःच्या नावावर, पट्टी लावून मारलेली. "परत यायचं तर उरलेल्या प्रवाशांकडे लेखी अर्ज करावा."

चष्मेवाल्यांनी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. रेघ नसलेलं नाव एकच उरलं होतं. क्रमांक पाच.

त्यांनी खाकरून घसा साफ केला. "अगं," ते म्हणाले, "म्हणजे आता आम्ही चौघांनी अर्ज तुझ्याकडे करायचा आहे. बाईंनीही. तुझं काय मत आहे?"

टीव्हीवर तो व्हिडिओ संपून दुसरा आपोआप लागला होता. कुठलंसं नवं स्टेशन, ओला फलाट, पुढे रिकामे रूळ आणि लाल सिग्नल. बायकोने परात बाजूला ठेवली, डबा मांडीवर घेऊन झाकण उघडलं आणि पाय वर घेतले.

"अर्ज द्या, बघते," ती म्हणाली. सिग्नल हिरवा झाला. "आता बोलू नका. गाडी सुटतीय."